एकट्यांचा समूह आणि स्वलयाचा प्रश्न

धर्मसाधनेच्या इतिहासात एकांत श्रेष्ठ की संगत, हा वाद फार जुना आहे आणि तो आजवर मिटलेला नाही. त्याचे एक अगदी आधुनिक, काहीसे विनोदी वाटावे असे रूप दर उन्हाळ्यात बाल्कन द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर पाहायला मिळते. एकट्याने प्रवास करणाऱ्यांसाठी म्हणून ज्या गटसहली निघतात, त्यांत एकमेकांना पूर्वी कधीही न भेटलेली माणसे एकत्र येतात, बल्गेरियातील रिला मठ, ओह्रिडचे सरोवर, अल्बानिया, मॉन्टेनेग्रो असा मार्ग बसने कापतात, आणि पुढे दुब्रोव्हनिकहून शिडाच्या नौकेत बसून म्ल्येत, कोर्चुला, ह्वार, ब्राच अशी बेटे घेत स्प्लिटला उतरतात. जो एकटा आहे तो गटात कसा, आणि जो गटात आहे तो एकटा कसा, असा वदतोव्याघात या सहलीच्या नावातच आहे, आणि शाब्दिक कोटी म्हणून तो सोडूनही देता आला असता. परंतु ज्या भूमीतून ही सहल जाते, त्याच भूमीत हाच प्रश्न सुमारे हजार वर्षे मठांच्या नियमावलीचा विषय होता, त्यावरून सम्राटांकडे गाऱ्हाणी गेली, आणि त्यातून सहजीवनाची एक वेगळी पद्धत जन्माला येऊन तीसेक वर्षांपूर्वी संपलीही. त्या इतिहासाच्या उजेडात पाहिले तर एकट्यांच्या गटसहलीत या लुप्त पद्धतीचे बरेचसे गुण आणि जवळजवळ सगळे दोष ओळखू येतात.

हा वाद उघडपणे पेटला तो अॅथोस पर्वतावर. ग्रीसच्या ईशान्येस हाल्किदिकी या द्वीपकल्पाचे तीन निमुळते फाटे एजियन समुद्रात शिरले आहेत. त्यांपैकी सर्वांत पूर्वेकडच्या फाट्यावर, जेथे टोकाशी दोन हजार मीटरहून उंच असा हा पर्वत उभा आहे, नवव्या शतकापासून एकांतवासी साधक गुहांत आणि झोपड्यांत राहत असत. त्यांची संघटना अशी नव्हतीच; वर्षातून तीन मोठ्या सणांना ते कार्येस या ठिकाणी जमत आणि पुन्हा आपापल्या कपारीत पांगत. ९६३ साली अथानासिओस नावाच्या भिक्षूने बायझंटाइन सम्राट निकेफोरोस फोकास याच्या पाठबळावर तेथे ‘महालाव्रा’ हा विशाल मठ उभारायला घेतला, आणि त्याबरोबर पक्क्या इमारती, द्राक्षमळे, पाण्याचे पाट, नौकांसाठी धक्का असा सगळा सरंजाम त्या ओसाड डोंगरावर येऊन पोहोचला. एकांतवासीयांनी याविरुद्ध थेट राजधानीत तक्रार नेली. पुढचा सम्राट इओआनिस त्सिमिस्केस याच्या काळात, ९७२ च्या सुमारास, त्यावर एक नियमावली तयार झाली. ती बकऱ्याच्या कातड्यावर लिहिलेली असल्यामुळे ‘त्रागोस’, म्हणजे ‘बोकड’, याच नावाने ओळखली जाते. तिने दोन्ही पक्षांना जागा दिली: मठ राहिला, आणि ज्याची पुरेशी तयारी झाली आहे अशा साधकाला मठाधिपतीच्या संमतीने एकटे राहण्याची मुभाही राहिली. कार्येस येथील तीन वार्षिक मेळावे मात्र एकावर आणले गेले, कारण एकत्र आलेले हे तपस्वी तेथे भांडत. एकांताचे व्रत घेतलेल्यांना वर्षातून तीनदा भेटणेही झेपले नाही, ही नोंद सहलींचे नियोजन करणाऱ्यांनी कचेरीच्या भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे.

या तंट्यामागे तत्त्वाचा खरा मतभेद होता. चौथ्या शतकातील बिशप बेसिल, ज्याच्या उपदेशावर पूर्वेकडील ख्रिस्ती मठव्यवस्था बव्हंशी उभी आहे, त्याने एकांतवासाविरुद्ध मांडलेला युक्तिवाद सरळ होता: ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुऊन नम्रतेचा धडा दिला, तर जो एकटाच राहतो त्याने पाय धुवायचे कोणाचे? नम्रता, क्षमा, सहनशीलता हे गुण दुसऱ्या माणसाच्या अडचणीतूनच अंगी येतात, आणि ज्याला अडचण करणारे कोणी नाही त्याला आपण सहनशील आहोत असे वाटत राहणे अगदी स्वाभाविक असते. उलट, एकांताच्या पक्षाचे म्हणणे असे की समूहातील माणूस देवासमोर कधीच नसतो, तो सतत शेजाऱ्यासमोर असतो. त्याचे मौनदेखील कोणाला तरी दाखवण्यासाठी असते. चौदाव्या शतकात ग्रेगरी पालामास याने ज्या ‘हेसिकाझम’ संप्रदायाचे, म्हणजे अंतःकरणाच्या निश्चलतेतून आणि अखंड नामस्मरणातून ईश्वरी प्रकाशाचा अनुभव घेऊ पाहणाऱ्या साधनेचे, तात्त्विक समर्थन केले, तिचे बळ या दुसऱ्या बाजूला होते.

तथापि बाल्कनमधील एकांतवासीयांची चरित्रे पाहिली तर त्यांना एकांत फारसा लाभला असे दिसत नाही. दहाव्या शतकात रिला पर्वतातील गुहेत राहिलेल्या संत इव्हानकडे शिष्य येऊन राहू लागले आणि त्यांच्यापासून पुढे बल्गेरियातील सर्वांत मोठा मठ उभा राहिला. चरित्रकार सांगतात की राजा पीटर त्याच्या भेटीला डोंगरात आला तेव्हा इव्हानने समोरासमोर येण्याचे नाकारले, दोघांनी दुरूनच एकमेकांना वंदन केले, आणि राजाने पाठवलेल्या भेटीतले सोने परत करून त्याने फळे तेवढी ठेवून घेतली. जिवंतपणी राखलेले हे अंतर मृत्यूनंतर मात्र टिकले नाही: त्याच्या अस्थी सोफिया, हंगेरीतील एस्टरगोम आणि तर्नोव्हो अशा फिरत फिरत १४६९ साली रिलाला परतल्या. यॉर्दन नदीकाठच्या वाळवंटात एकटी राहून तपश्चर्या केलेल्या संत पेत्काची कथा तर याहून लांबची आहे. तिच्या अस्थी तेराव्या शतकात तर्नोव्होला, तेथून तुर्कांच्या स्वारीनंतर बेलग्रेडला, १५२१ मध्ये इस्तंबूलला आणि १६४१ मध्ये रुमानियातील यास शहरात नेल्या गेल्या. बल्गेर, सर्ब आणि रुमानियन या तिन्ही समाजांनी जिला आपली मानले ती ही एकटी स्त्री, आणि ज्या अॅथोसवर आजही स्त्रियांना पाऊल ठेवता येत नाही त्या अॅथोसहून तिचा पंथ कितीतरी लोकाभिमुख ठरला, हे एकट्या प्रवासी स्त्रियांचा विचार करताना ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अॅथोसजवळून जाणाऱ्या पर्यटक नौका किनाऱ्यापासून सुमारे अर्धा किलोमीटर दूर राहतात, आणि स्त्री-प्रवाशांना मठांचे दर्शन घडते ते तेवढ्याच अंतरावरून.

पूर्ण एकांत आणि पूर्ण सहजीवन यांच्या मधली जी पद्धत अॅथोसवर पंधराव्या शतकापासून रूढ झाली, तिला ग्रीकमध्ये ‘इदिओरिथ्मिया’ म्हणतात, म्हणजे प्रत्येकाने स्वतःच्या लयीने जगणे. येथे तिला ‘स्वलय’ म्हटले आहे. स्वलय मठातील भिक्षू एकाच तटबंदीच्या आत राहत, पण प्रत्येकाची खोली किंवा खोल्या स्वतंत्र असत, प्रत्येक जण आपला शिधा आपण शिजवी, उपवास किती करायचा, जागरण किती करायचे हे आपले आपण ठरवी, आणि मुख्य म्हणजे त्याला खासगी मालमत्ता बाळगता येत असे. सगळे एकत्र येत ते देवळातील उपासनेसाठी, आणि मोठ्या सणाच्या दिवशी भोजनगृहात. याच्या उलट ‘कोइनोबिया’, म्हणजे समूहमठ, तेथे जेवण, काम, झोप आणि पैसा हे सगळे सामायिक असते आणि मठाधिपतीची आज्ञा अंतिम असते. या दोहोंखेरीज ‘स्कीट’ नावाच्या लहान वस्त्याही होत्या, ज्यांत घरे विखुरलेली असून मध्ये एक देऊळ असे आणि रविवारी सगळे तेथे जमत. या देवळाला ‘किरियाकोन’ म्हणतात आणि पुढील विवेचनात त्याचे महत्त्व येणार आहे. मराठी वाचकाला ही रचना अपरिचित वाटू नये. कान्हेरी किंवा अजिंठा येथील विहारांत मधला मोकळा मंडप आणि त्याच्या तिन्ही बाजूंना एकेका भिक्षूची कोठडी अशी जी योजना दिसते ती याच प्रश्नाला दगडात दिलेले उत्तर आहे, कारण वर्षभर भटकणाऱ्या भिक्षूंना पावसाळ्याचा वर्षावास एकत्र काढावा लागे आणि तरीही ध्यान ज्याचे त्याला करायचे असे.

स्वलय पद्धतीवरचा सर्वांत टोकदार आक्षेप तिच्या आध्यात्मिक ढिलाईपेक्षा तिच्या अर्थकारणावर होता: ज्याच्याजवळ पैसा आहे त्यालाच स्वतःची लय परवडते, आणि अपरिग्रहाची शपथ घेतलेल्या समाजात श्रीमंत साधक आणि गरीब साधक असे दोन वर्ग पडतात. एकट्याच्या सहलीला हा आक्षेप जसाच्या तसा लागू होतो. पर्यटन व्यवसायात खोलीचे दर दोन माणसांच्या हिशेबाने ठरतात, आणि खोलीत एकच माणूस राहणार असेल तर न आलेल्या दुसऱ्याच्या वाट्याची रक्कम, पूर्ण किंवा काही अंशी, ‘सिंगल सप्लिमेंट’ म्हणजे एकट्याचा अधिभार या नावाने त्याच्याकडूनच घेतली जाते. मराठीत ‘एकटा जीव सदाशिव’ असे ज्याला कौतुकाने म्हटले जाते, त्याच्याकडे हॉटेलच्या खातेवहीत अर्धवट जोडी म्हणून पाहिले जाते. नौकेवर तर निवड आणखी उघडी पडते: केबिनमध्ये झोपण्याच्या दोन जागा असतात, तेव्हा एकट्या प्रवाशाने एक तर अनोळखी सहप्रवाशाबरोबर, शक्यतो त्याच लिंगाच्या, केबिन वाटून घ्यायची किंवा दोन जागांचे भाडे मोजून दार लावून घ्यायचे. स्वलयाला किंमत असते, आणि ती मोजणाऱ्याला आपण मोकळीक विकत घेतली की केवळ भिंत, हे प्रवास सुरू झाल्यावरच कळते.

विसाव्या शतकात या विस्मृत संकल्पनेला तत्त्वचिंतनात पुन्हा आणले ते फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्त याने. ‘कॉलेज द फ्रान्स’ या संस्थेत १९७७ साली त्याने दिलेली पहिली व्याख्यानमाला ‘एकत्र कसे राहावे’ या प्रश्नावर होती, आणि स्वलय हा शब्द त्याला ग्रीसवरील एका प्रवासग्रंथात, झाक लाकारिएर याच्या लेखनात, सापडला होता. बार्त मठांचा अभ्यासक नव्हता; त्याला कुतूहल होते ते अशा समूहाचे, ज्यात प्रत्येकाची लय शाबूत राहून सोबतही राहील, आणि असा समूह लहानच, दहाच्या आतबाहेरचा, असू शकतो असे त्याला वाटे. त्याने दिलेले एक उदाहरण विशेष बोलके आहे. खिडकीतून त्याला एक आई दिसली, जी एका हाताने रिकामी बाबागाडी ढकलत होती आणि दुसऱ्या हाताने मुलाला धरून चालत होती. चाल तिची होती, आणि त्या चालीशी मेळ घालण्यासाठी मुलाला सारखे धावावे लागत होते. येथे कोणी कोणावर रागावत नाही, बळजबरी दिसत नाही, तरीही सत्ता पूर्णपणे वावरते आहे, आणि ती वावरते ती लयीच्या रूपाने. हे एकच निरीक्षण गटसहलीच्या कोणत्याही टीकेपेक्षा जास्त खोल जाते असे म्हणावे लागेल. दुब्रोव्हनिकच्या मुख्य रस्त्यावर मार्गदर्शक हातातील पाटी उंच धरून पुढे चालतो आणि मागून वीस माणसे घड्याळ पाहत येतात. सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या तटावर तर पर्यटकांना एकाच दिशेने फिरावे लागते, त्यामुळे ज्याला एखाद्या बुरुजावर थांबून समुद्र पाहायचा असतो तो मागच्यांचा अडथळा ठरतो. बसमधील गट हा लयीच्या दृष्टीने समूहमठच असतो, फक्त मठाधिपती पगारी असतो आणि प्रार्थनेच्या घंटेऐवजी निघण्याची वेळ जाहीर होते.

नौकेवर चित्र बदलते, आणि बदलण्याचे कारण सहलीच्या माहितीपत्रकात सांगितले जाते ते नसते. माहितीपत्रक मोकळ्या समुद्राबद्दल आणि मुक्तीबद्दल बोलते. प्रत्यक्षात बारा ते पंधरा मीटर लांबीच्या नौकेइतकी मुक्तीला गैरसोयीची जागा शोधूनही सापडणार नाही. केबिनमधील भिंत पातळ प्लायवूडची असते, गोड्या पाण्याची टाकी सगळ्यांची एक असते, शौचकूप हाताने पंप करावा लागतो आणि त्याचा आवाज मध्यरात्री सर्वांना ऐकू जातो. ज्याला खोलीचा एकांत हवा त्याने येथे येऊच नये. तरीही या अडचणीच्या जागेत स्वलय अधिक सहज साधते असे दिसते, कारण येथे लय कोणा एका व्यक्तीकडून येत नाही. एड्रियाटिक समुद्रावर उन्हाळी दुपारी वायव्येकडून येणारा ‘माएस्त्राल’ हा सौम्य वारा शिडांना अनुकूल असतो; ईशान्येकडील डोंगरांवरून झोताने कोसळणारी ‘बुरा’ थंड आणि धोक्याची असते; आग्नेयेकडून येणारा दमट ‘युगो’ समुद्र खवळवतो आणि माणसांची डोकीही बिघडवतो असे किनाऱ्यावरचे लोक मानतात. तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, याची आज्ञा तेथे पाळली जाते. पण ती त्याच्या मनाची नसून वाऱ्याची आहे हे सर्वांना दिसत असते.

लहानशा गावाच्या धक्क्याला नौका लावण्याचा प्रसंग या दृष्टीने जवळून पाहण्यासारखा आहे. नौका उलटी घेऊन तिची मागची बाजू धक्क्याकडे आणायची असते. नाळेवर एक जण नांगराची साखळी सोडत राहतो, मागे दोघे दोर हातात गुंडाळून फेकण्याच्या तयारीत उभे असतात, आणि उरलेले शेजारच्या नौकेला घासू नये म्हणून रबरी फेंडर धरून कडेला बसतात. आडवा वारा आला तर सगळे काही सेकंदांत बिघडू शकते. या पाच मिनिटांत कोणी कोणाकडे पाहत नाही, कोणाला कोणाची ओळख करून घ्यायची नसते, सकाळी न्याहारीला एकमेकांशी न पटलेले दोघे एकाच दोराची दोन टोके धरून असतात, आणि तरी सहजीवनाचा सर्वांत घट्ट क्षण हाच असतो. लक्ष परस्परांवर नसून तिसऱ्या गोष्टीवर खिळलेले असते म्हणून तो घट्ट असतो. ओळखपरेडीचे खेळ, ‘आपण सगळे एक कुटुंब’ असे आग्रहाचे आवाहन, यांनी जे साधत नाही ते या दोराने साधते. कारण आवाहनाने एकट्याला आपल्या एकटेपणाची लाज वाटायला लागते, आणि दोर धरताना त्याचा एकटेपणा कोणाच्या गणतीतच नसतो.

हे तिसरे काही हाच स्वलयाचा खरा आधार आहे, आणि मागे ज्याचा उल्लेख आला त्या किरियाकोनचे महत्त्व येथेच आहे. विखुरलेल्या घरांतील साधक एकमेकांसाठी जमत नव्हते. ते एका देवळासाठी जमत होते, आणि परस्परांची गाठ पडणे हा त्याचा आनुषंगिक परिणाम होता. ज्या समूहाला असे केंद्र नसते त्याला स्वतःलाच केंद्र व्हावे लागते, आणि मग कोण बोलले, कोण बोलले नाही, कोण जेवायला आले नाही, यांची मोजदाद सुरू होते. ब्राच बेटावरील ब्लात्सा या मठाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. तुर्की आक्रमणापासून पळून आलेल्या, ग्लागोलिती या प्राचीन स्लाव्ह लिपीत उपासना करणाऱ्या पुरोहितांनी सोळाव्या शतकात एका दरीतील कड्याला टेकून तो बांधला. स्थानिक लोक त्याला ‘पुस्तिन्या’, म्हणजे एकांतवासीयांचे ओसाड ठिकाण, म्हणतात, पण पिढ्यान्‌पिढ्या तेथे पुरोहितांचा समूहच नांदला: त्यांनी द्राक्षमळे लावले, मुलांसाठी शाळा चालवली, छापखाना घातला. शेवटचा रहिवासी निकोला मिलिचेविच हा खगोलशास्त्रज्ञ होता; १९६३ मध्ये त्याच्या मृत्यूबरोबर मठ संपला. त्याची दुर्बीण, घड्याळे आणि ग्रंथसंग्रह अजून तेथे आहेत, आणि एक पियानोही, जो गड्यांच्या खांद्यांवरून दरी चढून आला असे सांगतात. एका एकांतवासीयाच्या संगीतासाठी इतक्या खांद्यांची गरज पडावी, यात कोणताही दांभिकपणा पाहण्याचे कारण नाही. एकांत नेहमीच दुसऱ्यांच्या श्रमावर उभा असतो, आणि मिलिचेविचचा एकांत निदान आकाशाकडे तोंड करून होता. आता खालच्या खाडीत नौका नांगरून पर्यटक पायवाटेने वर येतात.

येथे एक गंभीर शंका उभी राहते. वारा आणि दोर हे केंद्र खरे, पण ते प्रसंगापुरते. उपासनेची पुनरावृत्ती, तिचे बंधन, तिचा अर्थ त्याला नाही. कोतोरच्या आखातात पेरास्त गावासमोर ‘खडकावरील माउली’ नावाचे बेट आहे, जे दर्यावर्दींनी शतकानुशतके समुद्रात दगड आणि जुनी गलबते बुडवून घडवले. दंतकथेप्रमाणे १४५२ साली तेथील खडकावर मरियमेचे चित्र सापडले होते. दर वर्षी २२ जुलैच्या संध्याकाळी गावातील नौका एकमेकींना बांधून, दगड भरून, रांगेने तेथे जातात आणि ते दगड बेटाभोवती टाकतात. प्रत्येक घराची नौका वेगळी, दगड ज्याचा त्याने उचललेला, आणि बेट सगळ्यांचे: स्वलयाचे याहून नेमके रूप मिळणे कठीण आहे. मात्र सहलीतील प्रवासी ते पाहतो, करत नाही. त्याने एखादा दगड टाकला तरी तो गावाच्या स्मृतीत बसणार नाही, कारण पुढच्या वर्षी तो येथे नसेल. प्रवासी हा केंद्राच्या भोवती फिरतो पण केंद्राशी बांधला जात नाही, आणि म्हणून त्याच्या स्वलयाला मठवासीयाच्या स्वलयाचा दर्जा देणे घाईचे ठरेल.

मठवासीयांनी तरी ती पद्धत टिकवली असे नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अॅथोसवर नव्याने आलेल्या तरुण, सुशिक्षित भिक्षूंना समूहजीवनच हवे होते. एकेक स्वलय मठ समूहमठ होत गेला, १९९२ साली पांतोक्रातोर या शेवटच्या मठानेही पद्धत बदलली, आणि आज तेथील वीसही मठ समूहमठ आहेत. बार्त याने व्याख्यानमालेच्या अखेरीस स्वलय समूहाचे आदर्श चित्र रेखाटायचे ठरवले होते, पण तो बेत त्याने सोडून दिला. सहलीला टिकून राहण्याची ही अडचण येत नाही, कारण तिची मुदत आधीच ठरलेली असते. शेजाऱ्याचे घोरणे आठवडाभर सोसणे आणि शेजारच्या कोठडीतील स्वयंपाकाचा वास तीस वर्षे सोसणे यांत फरक आहे. तेव्हा सहलीतील स्वलय खरे की खोटे हे ठरवण्यापेक्षा, दोन्हीकडे समूहाला धरून ठेवणारी शेवटची गोष्ट कोणती होती हे तपासणे अधिक उपयोगाचे आहे. स्वलय मठांत सामायिक जेवण आधी सुटले, भोजनगृहे सणांपुरती उघडी राहिली आणि देऊळ मात्र रोज भरत राहिले. नौकेवर नेमके उलटे होते, तेथे देऊळ नसते, आणि दिवसभर आपापल्या पुस्तकात तोंड घालून बसलेली माणसेही संध्याकाळच्या जेवणाला एका टेबलाभोवती हटकून येतात.